कॅनचे झाकण निवडताना : खानदेशच्या उन्हाची कसोटी

शीतपेयाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनवरील रंगीत छपाई ग्राहकाच्या नजरेत भरते. पण तो कॅन उन्हाळ्यात टिकणार की फुगणार, हे बऱ्याच अंशी वरच्या झाकणावर ठरते. पेयउद्योगात या झाकणाला ‘एण्ड’ म्हणतात. कॅन आणि झाकण पेय भरणाऱ्या कारखान्यात वेगवेगळे येतात आणि पेय भरल्यावर क्षणार्धात एकमेकांत घट्ट दुमडले जातात. झाकणाची किंमत कॅनच्या मानाने कमी असल्याने त्याची निवड अनेकदा शेवटी आणि केवळ दर पाहून केली जाते. जळगाव-धुळ्यासारख्या उष्ण प्रदेशात हीच चूक महागात पडू शकते.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने फळप्रक्रियेचा मोठा व्याप उभा केला. प्रक्रिया केलेला फळांचा गर प्रामुख्याने निर्जंतुक पिशव्यांत आणि पिंपांत भरून पेय बनविणाऱ्यांकडे जातो. गराऐवजी तयार पेय विकले तर मूल्यवर्धनाचा वाटा स्थानिक उद्योजकाच्या पदरात पडतो. धुळ्यास मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकत्र येत असल्याने मालाची ने-आणही सोयीची आहे. कॅन बनविणारे कारखानेही फार दूर नाहीत. पोलंडच्या कॅन-पॅक कंपनीचा कारखाना छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे, तर बॉल कंपनीचा रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे आहे. तळोज्याचा कारखाना पूर्वी रेक्सॅम कंपनीकडे होता. २०१६ मध्ये बॉलने रेक्सॅम विकत घेतली. अशा स्थितीत कॅन भरण्याची लाइन टाकू पाहणाऱ्याने झाकणाचा विचार यंत्रखरेदीच्या आधीच करणे हिताचे ठरते.

आकड्यांची भाषा

झाकणाचा व्यास तीन आकड्यांत सांगण्याची प्रथा आहे. पहिला आकडा पूर्ण इंच, तर पुढचे दोन आकडे इंचाचे सोळावे भाग दर्शवितात. ‘२०२’ म्हणजे दोन पूर्णांक दोन-षोडशांश इंच. ३३० आणि ५०० मिलिलिटरच्या नेहमीच्या कॅनचे अंग ‘२११’ म्हणजे सुमारे ६६ मिलिमीटर व्यासाचे असते. मात्र मानेपाशी ते निमुळते करून त्यावर २०२ आकाराचे झाकण बसवितात. २५० मिलिलिटरच्या सडपातळ कॅनला २०० आकाराचे झाकण लागते. पूर्वी २०९ आणि २०६ आकाराची झाकणे सर्रास वापरात होती. व्यास घटला की धातू वाचतो आणि आतील दाबाचा झाकणावर येणारा एकूण जोरही कमी होतो. झाकणे लहान होत गेली ती यामुळेच.

उघडण्याच्या पद्धतीचाही इतिहास आहे. ओहायोतील एर्मल फ्रेझ यांनी ओढून काढण्याच्या कडीचे एकस्व १९६३ मध्ये मिळविले. पण तुटून निघणाऱ्या धारदार कड्या रस्त्यावर व समुद्रकिनारी पडू लागल्या. १९७५ च्या सुमारास रेनॉल्ड्स मेटल्स कंपनीच्या डॅनियल कुडझिक यांनी विकसित केलेली, झाकणालाच जोडून राहणारी कडी बाजारात आली. आजची बहुतेक पेयांची झाकणे याच प्रकारची आहेत.

एकाच आकाराची सर्व झाकणे मात्र सारखी नसतात. २०२ मध्येच ‘बी-६४’ हा जुना व सर्वत्र रुळलेला घाट आहे, तर ‘सीडीएल’ व ‘सुपरएण्ड’ हे कमी धातूत तेवढीच ताकद देणारे नंतरचे घाट आहेत. झाकणाच्या आतल्या भिंतीचा उतार यांत वेगळा असल्याने सीमिंग यंत्राचे चक आणि रोलही त्या घाटाप्रमाणे लागतात. बी-६४ साठी सज्ज यंत्रावर सीडीएल झाकण चालविल्यास जोड बिघडतो. हलके झाकण स्वस्त दिसले, तरी यंत्राचे सुटे भाग बदलण्याचा खर्च त्यात धरला पाहिजे.

उन्हाचे गणित

जळगाव, भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उभ्या ट्रकमध्ये किंवा पत्र्याच्या गोदामात उष्णता याहून अधिक असते. तापमान वाढले की पेयात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू लागतो आणि बंद कॅनमधील दाब चढतो. पेयातील वायूचे प्रमाण ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात, एक लिटर पेयात तीन लिटर वायू विरघळविला असेल तर ते तीन व्हॉल्यूम. असा कॅन २० अंशांवर साधारण सव्वादोन ते अडीच बार दाब दाखवितो. ४५ अंशांवर तोच दाब पाच बारच्या जवळ पोहोचतो. चार व्हॉल्यूमच्या पेयात ४५ अंशांवर तो साडेसहा ते सात बारपर्यंत जाऊ शकतो.

शीतपेय आणि बीअरच्या झाकणांसाठी ६.२ बार, म्हणजे ९० पीएसआय, ही दाबसहनाची रूढ पातळी आहे. त्यापलीकडे झाकणाची कडेची खोबण उलटते, मधला भाग वर फुगतो आणि कडी उचलली जाते. असा कॅन लगेच फुटला नाही, तरी गळू लागतो. म्हणून पुण्या-मुंबईत चाललेले वायूचे प्रमाण खानदेशात जसेच्या तसे घेणे धोक्याचे आहे. एक तर वायू थोडा कमी ठेवावा, नाहीतर अधिक दाब सहन करणारे झाकण घ्यावे. मात्र तेव्हा कॅनचा तळही तेवढाच दाब सोसणारा हवा. बीअरसारखे पेय कॅनमध्ये भरल्यानंतर सुमारे ६० अंशांवर पाश्चरीकृत केले जात असल्याने तेथे हा हिशेब त्याच तापमानाला करावा लागतो.

वायू नसलेली पेये

आंब्याचे पेय किंवा ताक यांत वायू नसतो, म्हणून झाकणाची चिंता नाही, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तेथे अडचण उलटी असते. कॅनची भिंत सुमारे एक-दशांश मिलिमीटर इतकी पातळ असते आणि तिला ताठपणा मिळतो तो आतील दाबामुळे. दाब नसेल तर थप्पीतले खालचे कॅन चेपतात. गरम भरलेले पेय थंड होताना तर आत निर्वात निर्माण होतो. यावर उपाय म्हणून झाकण बसण्यापूर्वी द्रवरूप नायट्रोजनचा थेंब सोडतात. थेंब लहान पडला तर कॅन मऊ राहतो, मोठा पडला तर झाकण फुगते. दुधाच्या पेयांना भरल्यानंतर शंभर अंशांहून अधिक तापमानात निर्जंतुक करावे लागते. शीतपेयाचे साधे झाकण त्यासाठी बनविलेले नसते, हे आधीच विचारून घ्यावे.

आतील लेप

झाकण सामान्यतः सुमारे साडेचार टक्के मॅग्नेशियम असलेल्या ५१८२ क्रमांकाच्या मिश्रधातूचे असते. या मॅग्नेशियममुळे ते कॅनच्या अंगापेक्षा कणखर होते. पण फळांचे आम्ल आणि ताकातील मीठ उघड्या अ‍ॅल्युमिनियमला खातात. म्हणून आतून लेप असतो आणि तो पेयाच्या जातीनुसार निवडावा लागतो. कोलासाठी योग्य असलेला लेप खारट ताकाला पुरेल, असे गृहीत धरू नये. नवे पेय त्याच झाकणासह काही महिने उन्हाळी गोदामाच्या तापमानात ठेवून चव, रंग व गळती तपासणे हीच खात्रीची परीक्षा होय. निर्यातीचा विचार असेल तर आणखी एक मुद्दा आहे. युरोपीय संघाने अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या लेपांतील बिस्फेनॉल-ए वर बंदी घालणारा नियम डिसेंबर २०२४ मध्ये संमत केला व तो जानेवारी २०२५ मध्ये अमलात आला. बिस्फेनॉलविरहित लेपाची मागणी लेखी नोंदविणे त्यामुळे आवश्यक झाले आहे.

जोड आणि पुरवठा

उत्तम झाकणही वाईट जोडाने वाया जाते. सीमिंग यंत्र दोन टप्प्यांत झाकणाची कड आणि कॅनची कड एकमेकांत अडकवून दाबते. तयार जोडात झाकणाचे तीन आणि कॅनचे दोन असे पाच थर येतात. झाकणाच्या कडेतील रबरी लुकण उरलेल्या फटी भरून काढते. पाळी सुरू होताना आणि यंत्र अडकल्यानंतर प्रत्येक हेडवरचा नमुना कापून जोडाची जाडी, उंची व आतील आकड्यांची पकड मोजली पाहिजे. झाकणे कागदी वेष्टणात, कोरड्या व धूळमुक्त जागी ठेवावीत.

पुरवठ्याचा प्रश्नही हलका नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये अन्न व पेयांच्या कॅनसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. २०२५ मध्ये बीअर उद्योगाने कॅनच्या टंचाईकडे लक्ष वेधून या आदेशातून सवलत मागितली. ऐन हंगामात पुरवठा आटला, तर दुसऱ्या पुरवठादाराचे झाकण आपल्या यंत्रावर चालले पाहिजे. यासाठी किमान दोन पुरवठादारांकडे मिळणारा घाट निवडून मगच सीमिंग यंत्र घ्यावे.

पुरवठादाराकडून पाच गोष्टी लेखी घ्याव्यात : झाकणाचा आकार व घाट, दाबसहनाची हमी, लेपाचा प्रकार आणि तो कोणत्या पेयासाठी आहे, जोडाची शिफारस केलेली मापे आणि भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणनाची स्थिती. एका झाकणामागे वाचणारे काही पैसे वर्षाच्या हिशेबात मोठे दिसतात खरे. पण मे महिन्यात एका ट्रकमधला माल फुगला, तर त्या पैशांबरोबर दुकानदाराचा विश्वासही जातो, आणि नव्या उद्योगाला तो पुन्हा मिळविणे अवघड असते.