ईश्वरसान्निध्याची साधना

रोजची कामे करीत असतानाच देव जवळ असल्याचे भान राखण्याची ख्रिस्ती आध्यात्मिक साधना. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत भेद मानू नये, वाट्याला येईल ते काम देवावरील प्रेमापोटी करावे, हे तिचे मुख्य सूत्र. पॅरिसच्या कार्मेलाइट मठातील स्वयंपाकी ब्रदर लॉरेन्स (सु. १६१४–१६९१) यांच्या आचरणातून तिला आजचे रूप लाभले.

आधार व पूर्वपरंपरा : देव येशूच्या रूपाने माणूस झाला, या देहधारणेच्या श्रद्धेवर ही साधना उभी आहे. नाझरेथचा येशू सुतारकाम करणारा होता. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवरील दोघा शिष्यांना तो ओळखू आला तोही जेवायला बसल्यावर, भाकर मोडताना. खाणेपिणेदेखील देवाच्या गौरवासाठी करावे, असे संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठातील भांडी-अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपण्याचा नियम घालून दिला. आव्हिलाच्या संत तेरेसा (१५१५–८२) यांनी स्वयंपाकघरात राबणाऱ्या भगिनींना, प्रभू भांड्याकुंड्यांतही वावरतो, असा दिलासा दिला. मार्टिन ल्यूथर यांनी घरकाम आणि शेतीकाम हेही ईश्वरी पाचारणच मानले.

ब्रदर लॉरेन्स : लोरेन प्रांतात जन्मलेल्या लॉरेन्स यांचे मूळ नाव निकोला एर्मां. हिवाळ्यातले निष्पर्ण झाड पाहताना, त्याला पुन्हा पालवी फुटेल या विचाराने अठराव्या वर्षी त्यांना देवाच्या सामर्थ्याची खोल जाणीव झाली. पुढे ते सैन्यात गेले व जखमी होऊन पायाने अधू झाले. १६४० मध्ये ते मठात दाखल झाले. स्वयंपाकाची त्यांना मनातून नावड होती, तरी ते काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. नंतर चपला दुरुस्त केल्या. तव्यावरचे ऑम्लेट उलटणे किंवा जमिनीवरची काडी उचलणे, हेही ते देवासाठीच करीत.

स्वरूप : काम हाती घेताना देवाचे साहाय्य मागणे, मधूनमधून साध्या शब्दांत त्याच्याशी बोलणे, काम नीट झाल्यास आभार मानणे, चुकल्यास क्षमा मागून खंत न करता पुन्हा कामाला लागणे, असा हा क्रम आहे. सतत आनंदाची हमी त्यात नाही. लॉरेन्स यांनाही पहिली सुमारे दहा वर्षे तीव्र मानसिक क्लेश झाले. सामूहिक उपासनेला किंवा मिस्साबलीला ही साधना पर्याय नाही. लॉरेन्स स्वतः मठाच्या नेमलेल्या प्रार्थना पाळत. मात्र त्या वेळांपेक्षा कामात आपण देवापासून दूर असतो, असे ते मानत नसत.

प्रसार : लॉरेन्स यांच्या मृत्यूनंतर जोझेफ द बोफोर्ट या धर्मगुरूंनी त्यांची वचने, पत्रे व संभाषणे १६९२ आणि १६९४ मध्ये प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी ती आपल्या ग्रंथमालेत घेतली. कॅथलिक मठात घडलेली ही साधना त्यामुळे प्रॉटेस्टंट कुटुंबांतही रुजली.