सफर, शिकार आणि 'निर्मनुष्य' जंगल

'सफारी' हा शब्द आज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत तो हमखास असतो. केनिया किंवा टांझानियातले अफाट गवताळ माळरान, त्यात एक ऐसपैस तंबू, तंबूत पलंग, गालिचा आणि न्हाणीघर, समोर पाणवठ्यावर आलेले हत्ती असे ते चित्र असते. चित्रात पाहुणे असतात, प्राणी असतात. गावे, शेते, गुरे मात्र नसतात. 'माणसाचा स्पर्श न झालेला प्रदेश' असे खाली लिहिलेलेही असते.

शब्दापासूनच सुरुवात करू या. 'सफारी' हा स्वाहिली भाषेतला शब्द. तिथे त्याचा अर्थ नुसता 'प्रवास' असा आहे. स्वाहिलीत तो अरबी 'सफर' वरून आला. तोच अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि आपण 'सफर' म्हणू लागलो. म्हणजे आफ्रिकेतली सफारी आणि आपली सफर एकाच मुळाच्या. शब्दांप्रमाणे या दोन प्रदेशांतल्या जंगल-मुक्कामांच्या इतिहासातही बरेच साम्य आहे. आम्ही हे साम्य छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरच्या डोंगररांगेत, म्हणजे अजिंठ्याच्या आणि सातमाळ्याच्या डोंगरात शोधणार आहोत. प्रश्न एकच आहे : ज्याला आपण 'निर्मनुष्य जंगल' म्हणतो ते खरोखरच निर्मनुष्य होते का? आणि असेल, तर ते तसे कशामुळे झाले?

चालते-फिरते राजवाडे

रानात राहून ऐषाराम भोगायचा तर तो कोणीतरी तिथवर वाहून न्यावा लागतो. मोगल बादशहांच्या छावण्यांचा हिशेब अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त दिला आहे. बादशहाच्या एका मुक्कामाचे सामान हलवण्यासाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. शिवाय तंबू उभारणारे आणि बिछायती घालणारे १,००० फरास, १०० भिस्ती आणि १५० झाडूवाले असत. तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका संचात मुक्कामाला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. मोहीम असो की शिकार, व्यवस्था हीच. औरंगजेब १६८२ मध्ये औरंगाबादेत येऊन पोहोचला आणि पुढची पंचवीस वर्षे, १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, दख्खनमध्येच राहिला. त्यातला बराचसा काळ त्याने छावणीत काढला.

पूर्व आफ्रिकेत मात्र हत्ती, उंट, बैलगाड्या यांपैकी काही चालत नसे. याचे कारण जीवशास्त्रात आहे. तिथल्या झुडपी प्रदेशात त्सेत्से नावाची माशी असते. ती चावली की तिच्याबरोबर ट्रिपॅनोसोमा हा एकपेशीय परजीवी रक्तात शिरतो. माणसाला त्यामुळे निद्रारोग होतो, तर घोडे आणि गुरे 'नागाना' या रोगाने मरतात. रानातल्या हरणांच्या अंगात हा परजीवी असला तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. साहजिकच सगळे ओझे माणसांच्या डोक्यावर आले. दर माणशी साधारण ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा त्यांच्या तांड्यात दोनशेहून अधिक हमाल होते. त्या प्रवासात रूझवेल्ट आणि त्यांचा मुलगा करमिट यांनी मिळून ५१२ प्राणी मारले. हा आकडा रूझवेल्टनी स्वतःच आपल्या पुस्तकात नोंदवला आहे. ओझी वाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांची नावे आज कोणाला माहीत आहेत.

२८ एप्रिल १८१९

आता आपल्या डोंगराकडे येऊ. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि डोंगराच्या उत्तरेचा खानदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. दक्षिणेकडचा मुलूख निजामाचा होता. दुसऱ्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी अजिंठ्याच्या डोंगरात आला. वाघोरा नदीच्या घळीपलीकडच्या कड्यात त्याला एक कोरलेली कमान दिसली. ती दहाव्या क्रमांकाच्या लेण्याची होती. इसवी सनापूर्वीचे हे चैत्यगृह अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक आहे. स्मिथने आत जाऊन एका खांबावरच्या चित्रावर आपले नाव, पलटण आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. ती अक्षरे आजही दिसतात. मात्र पाहायला मान वर करावी लागते, कारण स्मिथ उभा होता तो साचलेल्या मातीदगडांच्या ढिगावर. तो ढीग पुढे साफ झाला.

पाठ्यपुस्तके याला 'अजिंठ्याचा शोध' म्हणतात. पण शिकारीचे तंत्र ज्याला थोडे तरी माहीत आहे, त्याला इथे एक प्रश्न पडायला हवा. परका शिकारी एकटा वाघापर्यंत पोहोचतो का? कोणत्या पाणवठ्यावर वाघ येतो, उन्हाच्या वेळी तो कोणत्या घळीत पडून असतो, कोणत्या बाजूने हाका घातला तर कुठून बाहेर पडेल, हे ठाऊक असते ते माग काढणाऱ्या स्थानिक माणसाला. स्मिथला लेणी एका गुराख्याने दाखवली अशी कथा सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, घळीची माहिती तिथल्या रहिवाशांना होती याला साधे पुरावे आहेत. नदीच्या नावात वाघ आहे. घळीच्या वरच्या अंगाला लेणापूर नावाचे गाव आहे. त्याच्या नावातच लेणी आहेत!

पाच वर्षांनी, १८२४ मध्ये, जेम्स अलेक्झांडर हा अधिकारी लेणी पाहायला आला. त्याला आधी भीती घालण्यात आली ती दोन गोष्टींची : वाघांची आणि भिल्लांची. म्हणजे 'निर्जन' समजल्या जाणाऱ्या या घळीत माणसे राहत होती. पण बाहेरून येणाऱ्याच्या हिशेबात ती रहिवासी नव्हती. वाघासारखाच तोही एक धोका होता.

जंगल वाढले कसे?

त्या काळी या डोंगराच्या पायथ्याला एवढे जंगल आणि एवढे वाघ का होते? ते अनादिकाळापासून तसेच होते का? मुळीच नाही. खानदेश हा तापीकाठचा काळ्या जमिनीचा, जुना शेतीचा मुलूख. १८०२-०३ मध्ये होळकर-शिंद्यांच्या लढायांत सैन्यांनी तो तुडवला. सप्टेंबर १८०३ मध्ये याच डोंगराच्या दक्षिणेला असई येथे शिंदे-भोसले आणि इंग्रज यांची मोठी लढाई झाली. पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. गावेच्या गावे उठली. नांगर थांबला की काळ्या जमिनीतही काही वर्षांत झुडपे माजतात. त्यांच्यामागून हरणे आणि रानडुकरे येतात, आणि त्यांच्यामागून वाघ येतो. डोंगरातले भिल्लही या धामधुमीत भरडले गेले. त्यांचे परंपरागत हक्क बुडाले आणि पकडलेल्यांना क्रूर शिक्षा झाल्या. पोटासाठी अनेकजण लुटीकडे वळले. थोडक्यात, कंपनीच्या अधिकाऱ्यांना जे 'रान' दिसले त्यातला बराचसा भाग पंधरावीस वर्षांत युद्धाने आणि दुष्काळाने घडवलेला होता.

१८२५ मध्ये कंपनीने खानदेशात भिल्ल एजन्सी सुरू केली. तिच्या तीन विभागांपैकी दक्षिण विभागाचे ठाणे आपल्या कन्नडला होते. त्याच वर्षी जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे भिल्लांची पलटण उभारण्याचे काम आले. औट्रम पट्टीचा शिकारी. शिकारीत बरोबर असणाऱ्या भिल्लांच्या विश्वासावरच त्याने भरती सुरू केली. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ मारले, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. त्यांपैकी १९१ वाघांच्या वेळी तो स्वतः हजर होता. अस्वले, बिबटे आणि रानम्हशी यांचीही वेगळी मोजदाद आहे. माग काढणाऱ्यांची आणि हाकाऱ्यांची अशी मोजदाद कोणी ठेवली नाही. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाला आज औट्रमचे नाव आहे.

आफ्रिकेतही तेच

आता पुन्हा आफ्रिकेकडे वळू. १८८७-८८ च्या सुमारास आफ्रिकेच्या शिंगाजवळ, आजच्या एरिट्रियात, गुरांचा एक रोग उतरला. आपल्याकडचे शेतकरी त्याला बुळकांडी म्हणत. इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर, बहुधा भारतातल्याच, तो तिथे गेला असे मानले जाते. आफ्रिकेतल्या गुरांना या विषाणूविरुद्ध कसलीच प्रतिकारशक्ती नव्हती. दहाएक वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. अनेक भागांत दहातली आठनऊ गुरे मेली. मसाईंसारख्या पशुपालकांचे सर्वस्वच गुरे. त्यामुळे पाठोपाठ उपासमार आली, देवी आली. माळराने ओस पडली. चरणारी गुरे नाहीत, गवत जाळणारी माणसे नाहीत, म्हणून झुडपे वाढली. झुडपांबरोबर त्सेत्से माशी पसरली आणि गुरे पुन्हा आणणे अवघड झाले.

नेमके याच काळात युरोपीय वसाहतवाले तिथे आले. त्यांना दिसला 'रिकामा' प्रदेश, आणि तो निसर्गतःच रिकामा आहे असे त्यांनी धरून चालले. त्या समजुतीवर पुढे शिकारीची राखीव क्षेत्रे आणि मग राष्ट्रीय उद्याने आखली गेली. सेरेंगेटी १९५१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९५९ मध्ये तिथल्या मसाईंना उद्यानाबाहेर, न्गोरोंगोरोकडे, हलवण्यात आले. पत्रकातले माणसांविना चित्र असे तयार झाले.

रानातल्या आरामशीर मुक्कामाचा एक प्रसिद्ध नमुना म्हणजे केनियातले 'ट्रीटॉप्स'. १९३२ मध्ये न्येरीजवळ एका झाडावर बांधलेले हे निवासस्थान आपल्या मचाणाचेच थोरले रूप. पाहुण्यांनी वर बसायचे आणि खाली पाणवठ्यावर येणारी जनावरे पाहायची. बंदुकीची जागा दुर्बिणीने आणि कॅमेऱ्याने घेतली होती. कुमाऊंचे नामवंत शिकारी जिम कॉर्बेट १९४७ नंतर न्येरीलाच राहायला गेले होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ ट्रीटॉप्सवर मुक्कामाला आल्या तेव्हा कॉर्बेटही तिथे होते. त्याच रात्री राजे सहावे जॉर्ज वारले आणि मचाणावर चढलेली राजकन्या उतरली ती राणी होऊन, हा किस्सा जगभर गाजला. १९५४ मध्ये माऊ माऊ उठावाच्या काळात हे निवासस्थान जाळले गेले, ही गोष्ट तितकी गाजली नाही. उठाव जमिनीसाठी होता. 'निर्मनुष्य' रानातली माणसे आपली जमीन परत मागत होती.

आज काय?

याचा अर्थ अभयारण्ये नकोत असा होत नाही. अजिंठ्याच्या डोंगरातला वाघ विसाव्या शतकात नाहीसा झाला. शिकार आणि जंगलतोड या दोन्हींचा त्यात वाटा होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९८६ मध्ये कन्नडजवळचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य जाहीर झाले. त्यामुळेच मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून आलेला एक वाघ गौताळ्याच्या कॅमेऱ्यात दिसू शकला. तो आला कसा? शेतांमधून, ओढ्यांच्या कडेने, रस्ते आणि रेल्वे ओलांडून, म्हणजे माणसांच्या मुलखातूनच. वाटेतल्या कोणीही त्याचा घात केला नाही म्हणून तो पोहोचला. वाघ आणि माणूस यांच्यामध्ये पक्की रेघ मारता येत नाही, हे यावरून दिसते.

संरक्षण हवेच. पण जंगल मुळात रिकामेच होते असे धरून चाललो, तर तिथल्या माणसांना उठवताना आपल्याला काही चुकते आहे असे वाटणार नाही. शिवाय त्यांच्याजवळचे ज्ञानही आपण गमावू. आफ्रिकेतल्या महागड्या निवासात पाहुण्याला सिंह दिसतो तो अजूनही माग ओळखणाऱ्या स्थानिक माणसामुळे. ताडोब्यातही वाटाड्याच आधी थांबतो आणि बोट दाखवतो.

शिक्षक मित्रहो, अजिंठ्याचा धडा वर्गात येईल तेव्हा 'लेण्यांचा शोध कोणी लावला?' या प्रश्नाला आणखी दोन प्रश्न जोडून पाहा : 'शोध लावणाऱ्याला वाट कोणी दाखवली असेल?' आणि 'त्या वेळी तिथे जंगल का होते?' पहिल्याचे उत्तर एका नावात संपते. पुढच्या दोन्हींसाठी मुलांना इतिहास, भूगोल आणि जीवशास्त्र अशी तिन्ही पुस्तके उघडावी लागतील. आपल्या गावाच्या आसपासच्या नद्या, घाट आणि शिवारांची नावे मुलांकडून गोळा करून घ्या. त्यांत वाघ, लांडगा, अस्वल किती आणि साहेब किती, याचा तक्ता वर्गात लावा. कोणते जनावर गेले, कोणती माणसे उठली आणि कोणी कोणाचे नाव ठेवले, हे त्या तक्त्यावरून मुलेच तुम्हाला सांगतील.