कौल, नकाशा आणि खाडीपलीकडची जमीन

पेशवाईत एखादी पेठ वसवावयाची म्हणजे आधी कौल द्यावा लागे. ओसाड माळावर कोणी उगाच दुकान थाटीत नाही, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक असल्यामुळे शेटे-महाजनांच्या नावे कौलनामा होई, उदमी-कारागिरांना काही वर्षे कर-जकातीची माफी अथवा सूट मिळे, आणि पेठेत राबता वाढला म्हणजे मगच सरकार वसुलीला हात घाली. पुण्यातील शिवपुरी पुढे रास्ता पेठ झाली ती केवळ नावापुरती नव्हे. सरदार रास्त्यांनी आपला वाडाच तेथे उठविला, आणि सरदाराचा वाडा उभा राहिला की त्याच्या मागे पागा, नालबंद, दाणेवाला आणि वाणी येणार, हे ओघानेच आले. पेठ वसविणारा स्वतः पेठेत राहावयास येतो, ही त्या पद्धतीतील खरी मेख होती.

मुंबईच्या बाबतीत विचार झाला तो निराळ्या रीतीने. १९५८ साली नेमलेल्या बर्वे समितीने ठाणे खाडीवर पूल बांधावा असे सुचविले, १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली बसलेल्या समितीने मुंबईचा विचार तिच्या प्रदेशासकट करावा असा आग्रह धरला, आणि १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने त्या विचाराला कायद्याचे बळ दिले. प्रादेशिक योजनेचे गणित मोठे मोहक असते. अमुक वर्षी लोकवस्ती किती होईल हे आधी धरावयाचे, त्यातील कामकरी हात मोजावयाचे, ते कारखाना, कचेरी आणि बाजार यांत वाटावयाचे, एका हेक्टरावर किती माणसे काम करतील याचे प्रमाण ठरवावयाचे, आणि भागाकार करून जी जमीन येईल तिला नकाशावर उद्योगाचा जांभळा किंवा व्यापाराचा निळा रंग द्यावयाचा. भागाकार बहुधा चुकत नाही. परंतु जांभळ्या रंगात माणसे कोण आणणार, या प्रश्नाला त्या तक्त्यात रकानाच नसतो.

१९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळे नगर वसविण्याची कल्पना मांडली. तिचे मर्म रोजगारात होते. मुंबईची गर्दी घरे बांधून हटणार नाही, कारण माणूस कामाच्या मागे जातो. तेव्हा काम हलवा, आणि प्रथम राज्यशासनाने आपल्या कचेऱ्या हलवाव्यात. १७ मार्च १९७० रोजी हे नगर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, ३४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश आणि त्यातील ९५ गावे आखली गेली, आणि वीस लाख वस्तीचे लक्ष्य ठेवण्यात आले.

नकाशावर मोकळी दिसणारी ती जमीन मोकळी मुळीच नव्हती. भरतीचे पाणी अडविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चिखलमातीचे बांध घालून, ओहोटीला उघाडीतून आतले पाणी सोडून आगऱ्यांनी खाजणातून भातखाचरे काढली होती. बांधाला एका रात्रीत खांड पडली तर खारे पाणी आत शिरून पीक नासे, म्हणून उधाणाच्या रात्री माणसे फावडी घेऊन बांधावर जागत. शेजारी मिठागरांचे वाफे, पलीकडे कोळ्यांची जाळी. हा सारा रोजगारच होता. परंतु हेक्टरी मनुष्यबळाच्या हिशेबात तो कोठेच बसला नाही, आणि भूसंपादनाच्या निवाड्यात त्याची किंमत एकरावर झाली.

सरकार मात्र खाडी ओलांडून आले नाही. ज्या दशकात नवे नगर उभारावयाचे होते त्याच दशकात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्यांचे मनोरे चढत होते, आणि मंत्रालय होते तेथेच राहिले. बेलापूरला कोकण भवन झाले, विभागीय आयुक्तांची कचेरी आली. परंतु रास्त्यांनी वाडा बांधला तसे काही घडले नाही. गेला तो बाजार. मशीद बंदरच्या अरुंद गल्ल्यांतून कांदा-बटाटा आधी खाडीपलीकडे तुर्भे-वाशीकडे हलला, मागाहून मसाला आणि धान्य, आणि १९९६ मध्ये फळे-भाजीपाला. व्यापारी राजीखुशीने गेले नाहीत. बाजार समितीच्या कायद्यान्वये घाऊक व्यवहाराची जागाच बदलल्यावर त्यांचा निरुपाय झाला. तथापि व्यापारी आल्याबरोबर माथाडी आला, ट्रकवाला आला, आणि पहाटे तीनला गरम चहाची किटली घेऊन हिंडणारा पोरही आला. माझ्या मते वाशीला पेठेचे रूप आले ते या हुकमाने, रंगविलेल्या नकाशाने नव्हे. १९९२ साली मानखुर्दहून खाडी ओलांडून आगगाडी आली, तिच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता, आणि स्थानकांच्या डोक्यावर कचेऱ्यांचे मजले बांधून जमिनीवरील रोजगार फलाटावर चढविण्याची युक्तीही निघाली.

ज्यांची खाचरे गेली त्यांना मात्र प्रारंभी कोणी कौल दिला नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरातील शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच माणसे प्राणाला मुकली. त्यानंतरही काही वर्षे गेली, आणि १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा निर्णय झाला. आगरी घरांतून आजही ‘साडेबारा टक्के’ हे शब्द एखाद्या वतनाच्या सनदेसारखे उच्चारले जातात. त्या भूखंडांवर इमारती उठल्या, तळमजल्यावर थोडे व्यापारी गाळे काढण्याची मुभा असल्यामुळे तेथे किराणा, पिठाची गिरणी आणि शिलाईयंत्र आले, आणि पुष्कळ गाळ्यांचे भाडे अद्याप जुन्या बांधावरच्या आडनावांनाच पोहोचते.