एक लाखाची रेषा

तक्रार आली नाही म्हणजे प्रश्न नाही, ही आम्हा प्रशासकांची फार जुनी समजूत आहे. आवक नोंदवहीत जे चढले नाही ते जगात घडलेच नाही, असे मानून आपण वर्षानुवर्षे कारभार हाकतो. गर्भवती स्त्रियांच्या तपासणीचा इतिहास वाचताना या समजुतीला छेद देणारे एक प्रकरण माझ्या वाचनात आले. ते वैद्यकाचे असले तरी मला ते प्रशासनाचेच वाटते.

लघवीला जळजळ नाही, ताप नाही, कंबर दुखत नाही. आणि तरीही मूत्रमार्गात जंतू वाढत आहेत, अशी अवस्था शंभर गर्भवतींपैकी साधारण पाच-सहा जणींची असते. एरवी निरोगी स्त्रीच्या बाबतीत याकडे दुर्लक्ष केले तरी सहसा बिघडत नाही. गर्भारपणात मात्र संप्रेरकांच्या प्रभावाने मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा त्यांवर दाब येतो, लघवी साचून राहते आणि जंतूंना मूत्रपिंडापर्यंतची वाट मोकळी होते. मग एके दिवशी थंडी वाजून सणसणीत ताप भरतो. तक्रार येते ती अशी उशिरा.

बोस्टनच्या नागरी रुग्णालयात एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात या प्रश्नाला हात घातला. अडचण मोठी विचित्र होती. स्वाभाविकपणे धरलेल्या लघवीत त्वचेवरचे जंतू मिसळतात, त्यामुळे ‘जंतू आढळले’ या शेऱ्याला अर्थ उरत नसे. ते टाळावे म्हणून नळी घालून नमुना घ्यावा, तर ती नळीच संसर्ग आत नेत असे. (पॉल बीसन यांनी १९५८ मध्ये या नळीविरुद्ध एक संपादकीय लिहिले, ते पुढे प्रसिद्धी पावले.) कास यांनी प्रश्नच बदलला. जंतू आहेत की नाहीत, हे न विचारता ते किती आहेत, असे त्यांनी विचारले. मोजदादीत दिसले की बाहेरून मिसळलेले जंतू बहुधा थोडे असतात, खऱ्या संसर्गात मात्र ते एका मिलिलिटरमागे १,००,००० च्या वर जातात. १९५६ मध्ये त्यांनी ही रेषा मांडली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे दारिद्र्यरेषा आठवल्यावाचून राहत नाही. सलग चढत जाणाऱ्या वास्तवावर माणसाने सोयीसाठी ओढलेली रेघ, आणि मग त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांचे वेगवेगळे नशीब!

पुढे कास यांनी अशा गर्भवतींपैकी काहींना सल्फा औषध दिले, तर काहींना औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी. निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के स्त्रियांना मूत्रपिंडाचा दाह झाला. औषध घेणाऱ्यांत तो जवळजवळ दिसलाच नाही. त्या रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक स्त्रिया गरीब होत्या. ज्यांना पांढरी गोळी मिळाली त्यांच्या तापावर आजचा नियम उभा आहे, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

औषधाने अकाली प्रसूतीही टळतात, असे कास यांचे म्हणणे होते. ते मात्र नंतरच्या अभ्यासांत तितके टिकले नाही. दरम्यान १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासण्यांची दहा तत्त्वे लिहिली. ती प्रत्येक अधिकाऱ्याने एकदा तरी वाचावीत. रोग शोधण्याआधी त्याच्या उपचाराची सोय करा, आणि शोधण्याच्या खर्चाचा तोल एकूण वैद्यकीय खर्चाशी लावून पाहा, हे त्यांतलेच सांगणे.

त्यानंतर अनेक देशांत ही तपासणी रूढ झाली, ती बव्हंशी जुन्या पुराव्याच्या बळावर. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र बरेच सौम्य निघाले. निरोगी, कमी जोखमीच्या ४,२८३ गर्भवतींपैकी २४८ जणींच्या लघवीत जंतू होते. त्यांपैकी औषध न मिळालेल्या २०८ जणींत फक्त पाच जणींना मूत्रपिंडाचा दाह झाला. कुठे चाळीस टक्के आणि कुठे अडीच! तरीही जंतू नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत हे प्रमाण चौपट होते. बांगलादेशातील सिल्हेटच्या ग्रामीण भागातील मोठ्या प्रयोगातही तपासणी व उपचारांनी अकाली प्रसूती कमी झाल्याचे दिसले नाही. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने शिफारस कायम ठेवली, पण तिची श्रेणी ‘अ’ वरून ‘ब’ वर आणली. पुरावा बदलला तर श्रेणी खाली आणावी आणि तसे जाहीर सांगावे, हा शिरस्ता आमच्याकडे फाईलींत क्वचितच आढळतो.

नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या राज्यांतील उपकेंद्रे मी पाहिली आहेत. तेथे गर्भवतीची लघवी तपासली जाते ती प्रथिने आणि साखर यांसाठी. पट्टी बुडवली, रंग पाहिला, कार्डावर नोंद केली. जंतूंसाठीही पट्टी मिळते, परंतु जंतू असूनही ती पुष्कळदा कोरी राहते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रयोगशाळेतील जंतुसंवर्धनाला पहिली पसंती दिली, आणि ते शक्य नसेल तेथे पट्टीऐवजी ग्रॅम रंजनाला.

येथे खरा प्रश्न उभा राहतो तो बाटलीच्या प्रवासाचा. नमुना दोनएक तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, नाहीतर थंड ठेवला पाहिजे. मे महिन्यात जीपच्या मागच्या भागात ठेवलेल्या बाटलीत जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात असे धरा. निघताना मिलिलिटरमागे १,००० असलेले जंतू साडेतीन तासांत १,२८,००० होतील. निरोगी बाई वाटेतच कास यांची रेषा ओलांडील, आणि तिला नको असलेले प्रतिजैविक सात दिवस घ्यावे लागेल. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू आधीच बोकाळलेल्या आपल्या देशात ही चूक स्वस्त नाही.

बोरिक आम्ल घातलेल्या बाटलीत ही वाढ रोखता येते. बर्फाचा डबा तर लसीकरणाच्या दिवशी गावात जातोच आणि संध्याकाळी बहुतेक रिकामा परत येतो. पण त्यात लसीखेरीज काही ठेवू नये असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणजे दुसरा डबा हवा, तो वाहून नेणारा माणूस हवा, आणि अहवाल घेऊन त्या स्त्रीच्या घरी परत जाणारे कोणीतरी हवे. अंदाजपत्रकात तपासणीच्या खर्चाचा रकाना मी पाहिला आहे. त्या परतीच्या फेरीचा रकाना अजून पाहिलेला नाही.