क्लस्टर डोकेदुखी: पूरक गोळ्यांवर किती विसंबावे?
एकाच डोळ्याभोवती असह्य कळ, डोळ्यातून पाणी, चोंदलेले नाक. 15 मिनिटे ते 3 तास, अनेकदा रोज ठरावीक वेळी. ही क्लस्टर डोकेदुखी. झटके टाळणाऱ्या पूरकांपैकी थोडाफार पुरावा आहे तो मेलाटोनिनचा. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या 20 रुग्णांच्या चाचणीत संध्याकाळी 10 मिलिग्रॅम घेणाऱ्या 10 पैकी 5 जणांचे झटके थांबले. चाचणी लहानच म्हणायची. ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा सल्ला रुग्णच एकमेकांना देतात. ती मनाने घेणे धोक्याचे. रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय याच आजारावरचे मुख्य प्रतिबंधक औषध वेरापामिल, त्याचा परिणाम वाढलेल्या कॅल्शियममुळे कमी होऊ शकतो. म्हणून आधी रक्त तपासून घ्यावे, आणि वेरापामिल चालू असेल तर डॉक्टरांना गोळ्यांचे नाव व मात्रा दोन्ही सांगावे.