शिक्का साल सांगत नाही

जुन्या शिकारी सुऱ्या जमवणाऱ्यांमध्ये एक समज इतका मुरला आहे की त्याला कुणी पुरावाच मागत नाही. पात्याच्या बुडाशी, धार सुरू होण्याआधी, जी सपाट जागा असते तिथला शिक्का वाचायचा, पुस्तकात ती खूण शोधायची, की साल सापडले. चोरबाजारातला दुकानदार भाव सांगताना हेच करतो आणि घेणाराही मान डोलावतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण तो मूर्खपणाचा नाही. एकोणिसाव्या शतकात जगभर गेलेल्या शिकारी सुऱ्यांचा मोठा हिस्सा इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात घडला. तिथे कारागिरांची कटलर्स कंपनी १६२४ पासून आहे आणि कुणाची खूण कोणती याची नोंद तिने ठेवली. जॉर्ज वोस्टेनहोम या शेफील्डच्या पेढीच्या सुरीवर ‘वॉशिंग्टन वर्क्स’ असे उमटलेले असेल, तर ती १८४८ च्या आधीची असणे शक्य नाही, कारण त्या कारखान्यात ही पेढी त्याच साली आली. इथपर्यंत शिक्कावाद्यांशी माझे काहीच भांडण नाही.

भांडण पुढच्या उडीशी आहे. ‘१८४८ नंतरची’ या शब्दांचे बघता बघता ‘१८५० च्या सुमाराची’ होते. पेढी तर त्याच कारखान्यात विसाव्या शतकातही सुऱ्या घडवत होती. वोस्टेनहोमची प्रसिद्ध ‘आय एक्स एल’ ही खूण नोंदली गेली १७८७ साली, तीही दुसऱ्याच्या नावाने. वोस्टेनहोमकडे ती नंतर आली. १९७१ मध्ये जोसेफ रॉजर्स या जुन्या प्रतिस्पर्ध्याने वोस्टेनहोम विकत घेतली, तेव्हाही ती खूण चालू होती. जवळजवळ दोनशे वर्षे जगलेली खूण एका सुरीचे साल कसे सांगणार? अमेरिकेतल्या मार्बल्स कंपनीच्या ‘वुडक्राफ्ट’ सुरीवर १९१६ चे पेटंट कोरलेले असते आणि तो मजकूर पुढे कित्येक वर्षे तसाच ठोकला गेला. दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना १९१६’ लिहिले म्हणून आतली बिस्किटे त्या सालची ठरत नाहीत.

राजमुकुटाचा मोह याहून मोठा. रॉजर्सच्या सुऱ्यांवर मुकुटाच्या दोन बाजूंना राजाची किंवा राणीची आद्याक्षरे असतात. ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. चौसष्ट वर्षांचा पट्टा, ही काही तारीख नव्हे. ‘जी आर’ची गंमत वेगळीच. चौथा जॉर्ज १८३० साली वारला, पाचवा १९१० साली गादीवर आला, त्याच्यामागून सहावा. अक्षरे तीच. विकणारा अर्थातच चौथ्यावर बोट ठेवतो. माझ्या मते ‘जी आर’ दिसताच आधी विसावे शतक गृहीत धरावे आणि मागे जाण्यासाठी पुरावा मागावा.

‘इंग्लंड’ हा शब्द नसला की सुरी १८९१ च्या आधीची, हा नियमही डोळे मिटून लावला जातो. तो आला अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यातून, आणि देशाचे नाव उमटवण्याची त्या कायद्याची सक्ती होती ती अमेरिकेत उतरणाऱ्या मालावर. मुंबईच्या गोदीत उतरलेल्या सुरीला त्याचे काय?

बरे, शिक्का तरी अस्सल आहे का? शेफील्डमध्ये नाव ठोकले जाई ते लोहाराच्या भट्टीवर, पाते तापवून मऊ असताना. त्याला पाणी देणे आणि सहाणेवर घासणे हे नंतरचे. ठोकताना अक्षरांच्या कडेला धातू थोडा वर उठतो, तो घासण्यात निघून जातो. म्हणून भिंग लावून पाहावे. अक्षरांच्या कडा पृष्ठभागाशी सपाट असतील, एखादे अक्षर एका बाजूला घासून उथळ झाले असेल, तर ठीक. कडेला उंचवटा हाताला लागत असेल तर नाव तयार सुरीवर मागाहून पडले आहे. गंजाच्या काळ्या डागांवर तर मी कधीच विसंबत नाही. ते व्हिनेगर एका रात्रीत आणते.

मग साल काढायचे कशावरून? माझा पक्ष असा, की सुरी तिच्या सर्वांत नव्या मूळ भागाइतकीच जुनी असते. परज जर्मन सिल्व्हरची असेल तर सुरी १८२० च्या दशकाआधी जात नाही; विजेने चढवलेला चांदीचा मुलामा १८४० च्या एल्किंग्टन पेटंटनंतरचा; स्टेनलेस पाते १९१३ नंतरचे; क्रोमचा चकचकाट १९२० च्या दशकानंतरचा. शिक्का काहीही म्हणो.

यावर आक्षेप येतो की परज, स्क्रू, म्यान बदलता येतात. येतात, आणि म्हणूनच मी ‘मूळ’ हा शब्द घातला. तो भाग मूळचा आहे का, हे मूठ सांगते. शेफील्डच्या पुष्कळ मुठी आपल्याकडून गेलेल्या सांबरशिंगाच्या आहेत. शिंग वर्षानुवर्षे आकसते, पोलाद आकसत नाही. त्यामुळे शिंगाच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवलेली पोलादी पट्टी कडेने नखाला लागेल इतकी वर येते. जुन्या म्हणवणाऱ्या सुरीची मूठ गुळगुळीत सपाट लागली, तर ती उघडून परत बसवली आहे का, हे विचारायलाच हवे.

शिक्कावाद सगळ्यात लंगडा पडतो तो आपल्या मुलखातल्या सुऱ्यांपाशी. औरंगाबादचा बोदराज रानडुकराच्या शिकारीचे भाले आणि सुऱ्या घडवी. गोऱ्या अधिकाऱ्यांत त्याचे नाव होते. शेफील्डच्या नोंदवहीत त्याला शोधून उपयोग नाही. पण त्याच्या सुरीवर मालकाने हैदराबाद कंटिन्जंट या फौजेतल्या आपल्या पलटणीचे नाव कोरून घेतले असेल, तर तो शिक्क्याहून मोलाचा पुरावा आहे. १९०३ च्या फेररचनेत त्या फौजेची वेगळी ओळख संपली, म्हणजे कोरीव काम खरे असेल तर सुरी त्याआधी घडलेली. शिक्का फक्त ‘या सालानंतरची’ एवढेच सांगतो. ‘या सालाआधीची’ हे अशा खुणांतून कळते.

हा नुसता हौशी लोकांचा कीस नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा पुढची सुरी घ्याल तेव्हा पावतीवर नुसते ‘व्हिक्टोरियन’ लिहून घेऊ नका. कोणत्या सालानंतरची, कोणत्या सालाआधीची, आणि ते सुरीच्या कोणत्या भागावरून ठरवले, हे तिन्ही लिहून मागा.