गाड्या नेमक्या कोणाच्या? श्लुम्फ बंधूंच्या गुप्त संग्रहाची गोष्ट

आजची गोष्ट जुन्या गाड्यांची आहे. पण सुरुवात शोरूममधून नाही, एका गिरणीच्या दारातून करूया.

तारीख ७ मार्च १९७७. फ्रान्सच्या पूर्व टोकाला मुलूझ नावाचं शहर आहे. जर्मनी आणि स्वित्झर्लंड, दोन्ही देशांच्या सीमा तिथून अगदी जवळ. या शहरातल्या एका जुन्या लोकर गिरणीत त्या दिवशी कामगार जबरदस्तीने घुसले. कामगारांच्या नोकऱ्या गेलेल्या, मालक देश सोडून पळालेले. आत मालकांचं काहीतरी गुपचूप चाललंय, ही कुजबुज गावात बरीच वर्षं होती. पण आत बघतात तर काय, यंत्रं नाहीत, सूत नाही. लांबच लांब ओळींमध्ये उभ्या केलेल्या मोटारी. सुमारे चारशे! आणि त्या ओळींमधून शेकडो शोभिवंत दिव्यांचे खांब. पॅरिसच्या प्रसिद्ध अलेक्झांडर पुलावर आहेत ना, अगदी तसेच, मुद्दाम बनवून घेतलेले.

तुम्हीच विचार करा. तुमचा पगार थांबलाय, कंपनी बुडालीये असं तुम्हाला सांगितलंय, आणि मालकाच्या बंद दारामागे हे दिसतंय. डोकं फिरेल की नाही?

आता जरा मागे जाऊ. हे मालक म्हणजे हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ, दोघे भाऊ. हान्सचा जन्म १९०४ चा, फ्रिट्झचा १९०६ चा, दोघेही इटलीत जन्मलेले. वडील स्विस, आई मुलूझची. वडील लवकर गेले आणि आई मुलांना घेऊन माहेरच्या गावी आली. हा सगळा अल्सास प्रांत कापड आणि लोकरीच्या गिरण्यांचा. १९३५ मध्ये भावांनी लोकरीच्या धंद्यात स्वतःची कंपनी काढली आणि पुढे एकेक करत गिरण्या ताब्यात घेतल्या. हान्स हिशेबाचा माणूस. फ्रिट्झ मात्र वेगवेडा.

फ्रिट्झच्या वेडाला नाव होतं बुगाटी. आज रील्समध्ये आणि गेममध्ये आपण जी बुगाटी बघतो, तिचं मूळ गाव मोल्सहाइम, याच अल्सासमध्ये. एत्तोरे बुगाटीने तिथे १९०९ मध्ये कारखाना काढला. म्हणजे फ्रिट्झसाठी ही कुठल्या दूरदेशीची गाडी नव्हती, आपल्या भागातली गाडी होती. तरुणपणी तो स्वतः बुगाटी घेऊन शर्यतीत उतरायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर बुगाटीचा धंदा मंदावला. एत्तोरे १९४७ मध्ये वारला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या बुगाटीला आजच्यासारखी करोडोंची किंमत नव्हती. आपल्याकडे घरातली जुनी पद्मिनी जशी अंगणात गंजत पडायची आणि शेवटी भंगारात जायची, तशीच कित्येक बुगाटींची गत होती. फ्रिट्झने नेमकी हीच वेळ साधली.

त्याची पद्धत बघा. हौशी माणूस एक गाडी शोधतो, ती नीट करतो, मग दुसरीकडे वळतो. फ्रिट्झने बुगाटी मालकांची यादी मिळवली आणि जगभर पत्रं पाठवली. गाडी विकायची आहे का? किती हवेत? ठोक भावात माल उचलावा तशा त्याने गाड्या उचलल्या. सगळ्यात मोठा सौदा १९६४ चा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात जॉन शेक्सपियर नावाचा एक संग्राहक होता. त्याच्या सगळ्याच्या सगळ्या, म्हणजे तीस बुगाटी, फ्रिट्झने एका फटक्यात घेतल्या. किंमत होती ८५ हजार डॉलर. उघड्या मालगाडीच्या डब्यांवर या तीस गाड्या ओळीने लादून निघाल्या, तो फोटो आजही जुन्या गाड्यांच्या चाहत्यांमध्ये फिरतो.

मोल्सहाइमच्या कारखान्याने स्वतःकडे ठेवलेल्या गाड्याही त्याने विकत घेतल्या. त्यातलीच एक म्हणजे रॉयल मॉडेलची 'कूपे नेपोलियन', खुद्द एत्तोरेची गाडी. हे रॉयल प्रकरण काय होतं? राजेमहाराजांसाठी काढलेली गाडी. लांबी सहा मीटरहून जास्त, इंजिन जवळपास पावणेतेरा लिटरचं. आपल्या साध्या हॅचबॅकचं इंजिन एक-सव्वा लिटरचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. पण नेमकी जागतिक मंदी आली. बनल्या सहा, गिऱ्हाइकं मिळाली फक्त तीन. उरलेली इंजिनं शेवटी रेल्वेच्या डब्यांना बसवली! जगातल्या त्या सहापैकी दोन गाड्या फ्रिट्झने मिळवल्या.

आणि नुसत्या बुगाटी नाहीत हां. पानार, प्यूजो, द दियाँ-बूताँ अशा सुरुवातीच्या काळातल्या गाड्या, रोल्स-रॉइस, हिस्पानो-सुइझा, मर्सिडीज, फेरारी, गोर्दिनीच्या रेसिंग कार. लोकर गिरणीच्या त्या इमारतीत कारागिरांची टीम गाड्या खोलायची, जोडायची, रंगवायची. बाहेर बोलायचं नाही, अशी ताकीद होती. हे सगळं आईच्या स्मरणार्थ संग्रहालय म्हणून उभं राहत होतं. पण ते लोकांसाठी काही उघडत नव्हतं.

इथे मला थांबावंसं वाटतं. गाड्या जमवणं ही हौस आहे, त्यात वाईट काहीच नाही. पण दारं बंद ठेवून, कुणालाच न दाखवता, शेकडो गाड्या? आणि पैसा कुठून येत होता? गिरणीतून. म्हणजे पाळीवर उभं राहून सूत काढणाऱ्या बायका-पुरुषांच्या कष्टातून.

१९७० च्या दशकात कृत्रिम धाग्यांनी आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालाने युरोपातल्या गिरण्यांचं कंबरडं मोडलं. श्लुम्फ बंधूंच्या गिरण्याही डबघाईला आल्या. १९७६ मध्ये त्यांनी हात वर केले. कामगार भडकले, संप झाला, मालकांच्या बंगल्याला घेराव पडला. शेवटी पोलिसांनी दोघा भावांना बाहेर काढलं आणि ते सीमेपलीकडे बाझलला गेले. स्विस नागरिकच ते, तिथेच राहिले.

मग आला तो मार्च महिना. आत शिरल्यावर रागाच्या भरात कामगारांनी एक गाडी जाळली. एक छोटी ऑस्टिन सेव्हन, दुरुस्तीही न झालेली. मला या गोष्टीतली सगळ्यात मोठी घटना ती जळालेली गाडी वाटत नाही. न जळालेल्या बाकीच्या गाड्या वाटतात.

कारण कामगारांनी तिथेच थांबून विचार केला. ही आपली थकलेली देणी आहेत, हीच जगाला दाखवायची. त्यांनी इमारत ताब्यात ठेवली, 'कामगारांचा कारखाना' असं नाव दिलं आणि दारं लोकांसाठी उघडली. लोक लोटले. जे मालकाने इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं, ते कामगारांनी दोन वर्षं राखलं आणि दाखवलं.

दुसरीकडे देणेकरी टपलेले होते. लिलाव झाला असता तर गाड्या एकेक करून जगभर पांगल्या असत्या. म्हणून १९७८ मध्ये फ्रान्सने अख्ख्या संग्रहाला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला. याचा अर्थ, संग्रह फोडायचा नाही, देशाबाहेर न्यायचा नाही. १९७९ मध्ये कामगारांनी ताबा सोडला. १९८१ मध्ये शहर, जिल्हा, प्रांत आणि मोटार संस्था यांनी मिळून हा संग्रह ४ कोटी ४० लाख फ्रँकला घेतला. जुलै १९८२ मध्ये राष्ट्रीय मोटार संग्रहालय उघडलं. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या मुंबईत गिरणी संप सुरू झाला होता. गिरणी बंद पडणं म्हणजे काय, हे गिरणगावातल्या घरांना वेगळं सांगायला नको.

भावांना ही किंमत मातीमोल वाटली. कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. हान्स १९८९ मध्ये गेला, फ्रिट्झ १९९२ मध्ये. आज संग्रहालयाच्या नावात 'श्लुम्फ संग्रह' हे शब्द आहेत. नाव परत मिळालं, संग्रहालयातल्या गाड्या नाही.

तर मग त्या गाड्या नेमक्या कोणाच्या? फ्रिट्झ नसता तर त्यातल्या कित्येक भंगारात गेल्या असत्या, हे मान्य करायलाच हवं. त्याची नजर खरी होती. पण त्या नजरेची किंमत दुसऱ्यांनी मोजली. कारागिरांनी त्या जिवंत केल्या, गिरणी कामगारांनी आधी त्यांच्यासाठी कष्ट केले आणि मग स्वतः उपाशी असताना त्या सांभाळल्या. मला विचाराल तर, बिलावर ज्याचं नाव असतं तो गाडीचा पहिला मालक, एवढंच. शेवटचा मालक कोण, हे ती वाचवतो कोण यावर ठरतं.

कधी बाझलकडे जाणं झालं, तर मुलूझ तिथून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास आहे. रॉयलसमोर फोटो जरूर काढा. पण त्या दिव्यांच्या खांबांमध्ये दोन मिनिटं उभे राहा आणि इथे कधीकाळी लोकर कातली जायची, हे आठवा.

तुमच्या घरी कुणी जुनी गाडी जपून ठेवलीये का? तिची गोष्ट आम्हाला नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, काळजी घ्या!